‘पित्ताचा त्रास’ म्हणजे नेमकं काय? पोटाच्या तक्रारींबद्दल लिहूया

कृष्णाकाठची (पलूस, जि. सांगली)

नमस्कार. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. गेल्या दिवाळीनंतर आमच्या घरात जे झालं, ते घरात साठीच्या पुढची माणसं असलेल्या प्रत्येकानं वाचावं असं वाटतं.

माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्ती म्हणतो, वय 67. मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांचं एक वाक्य ऐकत आले, "मला पित्त हाय." सकाळी डोकं धरलं की पित्त. जेवल्यावर छातीत जळजळलं की पित्त. अंगावर गांधी उठल्या तरी पित्त. मळमळ, आंबट ढेकर, अन्नावरची वासना उडणं, सगळ्याला एकच नाव. उपायही ठरलेले. आमसुलाचं पाणी, थंड दूध, चिमूटभर खाण्याचा सोडा, आणि उशाला ठेवलेल्या चघळायच्या पित्ताच्या गोळ्या.

दिवाळी झाली आणि त्यांना चालताना दम लागायला लागला. सोप्यातून गोठ्यापर्यंत गेल्या की मध्येच टेकायच्या. चेहरा पांढराफटक. आम्ही म्हटलं, सणाचं काम झालं, वयही झालं. मग एका रात्री उलटी झाली आणि त्यात कॉफीच्या चोथ्यासारखं काळं काहीतरी पडलं. तशीच गाडी काढून मिरजेला नेलं. हिमोग्लोबिन 5.8 निघालं. बाईमाणसाचं 12 च्या वर असायला हवं. दुर्बीण टाकून बघितलं तर जठरात दोन अल्सर, त्यातल्या एकातून रक्त झिरपत होतं. तीन पिशव्या रक्त चढवलं.

डॉक्टरांनी विचारलं, "गुडघ्याला काय घेता?" आत्तींनी बटव्यातून गोळ्यांची पट्टी काढून दाखवली. सकाळी एक, रात्री एक, चहाबरोबर, चार-पाच वर्षं. मी त्यांच्याच घरात राहते, त्यांच्या बीपीच्या गोळ्या मी स्वतः काढून देते, आणि मला या गोळीचा पत्ता नव्हता. कारण त्यांच्या लेखी ती औषधातच जमा नव्हती, "ती नुसती दुखायची गोळी." दोन महिने संडासला डांबरासारखं काळं होत होतं. तेही बोलल्या नाहीत. असलं सुनेला कसं सांगायचं, म्हणाल्या.

तेव्हापासून मला हा ‘पित्त’ शब्द ऐकला की धास्ती वाटते. आपण दहा वेगवेगळ्या दुखण्यांवर हे एकच पांघरूण घालतो, आणि आत काय आहे ते कुणी बघत नाही. ‘गॅस’चंही तेच. तुमच्या घरात पित्त किंवा गॅस म्हणून काढलेला त्रास शेवटी काय निघाला, ते कृपया इथे लिहा. कुणाचं तरी माणूस वेळेत दवाखान्यात जाईल.

कराड_मेडिकल

ताई, तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. मी काउंटरच्या या बाजूला उभा असतो, म्हणून सांगतो. ऊसतोड सुरू झाली की संध्याकाळी सगळ्यात जास्त मागणी असते ती अंगदुखीच्या गोळ्यांची. डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन. मागणारा नावानं मागत नाही, "कालच्यासारखी पिवळी द्या" म्हणतो. आणि त्याच्याच पाठीमागचा माणूस पित्ताची गोळी मागतो. पुष्कळदा दोन्ही मागणारा माणूस एकच असतो.

या गोळ्या नेमकं काय करतात ते समजून घ्या. जठरात आम्ल तयार होतं, पण आतल्या अस्तराला ते भाजू नये म्हणून शरीर वर बुळबुळीत थर राखतं. तो थर टिकवायला प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं लागतात. सांध्यातली सूज आणि दुखणं वाढवणारी द्रव्यंही त्याच कुळातली. वेदनाशामक गोळी ती बनूच देत नाही, म्हणजे गुडघ्याचं दुखणं कमी होतं आणि त्याच वेळी जठराचं चिलखत उतरतं.

पुष्कळ लोक म्हणतात, "गोळीनं पोट बिघडतं, आम्हाला इंजेक्शन द्या." त्यानं पोट वाचत नाही. औषध रक्तातूनच जठराच्या अस्तरापर्यंत पोचतं. चहाबरोबर घेतली काय, जेवून घेतली काय, जेवणानं थोडी जळजळ कमी होते, अल्सरचा धोका जात नाही. वय 65 च्या पुढे, आधी कधी अल्सर झालेला, जोडीला स्टेरॉइड किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू, अशांना धोका फार जास्त. गावोगाव सांधेदुखीवर पुड्या मिळतात ज्यावर कशाचंही नाव नसतं, त्यांच्यापासून तर लांबच राहा. काहींत स्टेरॉइड मिसळलेलं असतं आणि घेणाऱ्याला ते कळायला मार्ग नसतो.

एक मात्र हात जोडून सांगतो. हृदयासाठी डॉक्टरांनी अ‍ॅस्पिरिन लिहून दिली असेल तर हे वाचून ती आपल्या मनानं बंद करू नका. डॉक्टरांना विचारा, ते सोबत जठर सांभाळणारी गोळी देतील.

शाळूची_भाकर (सातारा)

बाप रे. माझी आई पण गुडघ्यासाठी घेते. आज रात्रीच फोन करते तिला.

कराडदादा, मग दुखण्यावर घ्यायचं तरी काय?

कराड_मेडिकल

ताई, पॅरासिटामॉल जठराला त्यामानानं सोसतं. पण त्याचीही मर्यादा आहे, जास्त झालं तर यकृतावर जातं, आणि दारू घेणाऱ्यानं तर विचारूनच घ्यावं. बाकी गुडघ्याचे व्यायाम, वजन, शेक, लावायचं मलम. आईला एकदा हाडांच्या डॉक्टरांकडे दाखवा आणि तिथे जाताना पोटाचा त्रास आहे हे आधी सांगा.

माणदेशी

माझं वेगळं आहे. मी दहिवडीकडचा, डाळिंब आणि थोडी ज्वारी. रात्रीची लाईट असली की दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला जायचं. दहाला जायचं, दोन-तीनला यायचं. जायच्या आधी भूक नसते म्हणून चहा आणि पाव. आल्यावर सपाटून भूक लागलेली. मग आमटी-भाकरी दाबून खायची, वर चटणी-तेल, आणि पाठ टेकायची. पाच मिनिटांत झोप.

पहाटे घशाशी आंबट-कडू यायचं. खोकला सुटायचा. आवाज बसलेला असायचा. दोन वर्षं मी खोकल्याचीच औषधं घेत होतो. छातीचा एक्स-रे काढला, रक्त तपासलं, काही निघालं नाही. शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी घसा बघून विचारलं, जेवून किती वेळानं झोपता? तेव्हा उलगडा झाला.

बायकोनं खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा दिल्या. रात्रीची भाकरी जायच्या आधी, आठला. आल्यावर फार तर कपभर कोमट दूध-भात किंवा केळं, आणि अर्धा-पाऊण तास बसून राहतो, मोबाइल बघतो. तंबाखू सोडायला सांगितली होती, ती मात्र चार महिने लागले. आता खोकला नाही. चटणी खातो, पण रात्री नाही.

लाईटच्या वेळा आपल्या हातात नाहीत. पण जेवायची वेळ थोडी आहे, एवढं सांगायला लिहिलं.

डॉक्टर_मिरज

धागा मनापासून आवडला. मी पोटविकाराचं काम करतो. माणदेशी यांनी सांगितला तो आम्लाच्या उलट्या प्रवाहाचा अगदी नमुनेदार त्रास. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंचं एक वेढं असतं, एका बाजूनं उघडणाऱ्या दारासारखं. अन्न खाली गेलं की ते मिटतं. जठर तुडुंब भरलं, पोटावर चरबी वाढली, साडीची किंवा परकराची नाडी करकचून बांधली, की खालून दाब येतो. तंबाखूतलं निकोटीन, दारू आणि तेलकट-तुपकट जेवण ते दार ढिलं करतं. त्यात माणूस आडवा झाला की आम्ल वर चढतं. म्हणून जेवण आणि झोप यांत तीन तास असावेत. डोक्याकडची बाजू 15 ते 20 सेंटिमीटर उचलायची ती खाटेच्या पायाखाली विटा देऊनच. दोन उशा घेतल्या तर मान वाकते, पोट दाबलं जातं आणि त्रास वाढतो. डाव्या कुशीवर झोपावं.

मिसरी लावणाऱ्या बायकांना मी हे मुद्दाम सांगतो. मिसरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. आमच्याकडे येणाऱ्या पुष्कळ आजी "मी तंबाखू खात नाही" असं अगदी खरेपणानं सांगतात आणि दिवसातून चार वेळा मिसरी लावतात. तोंडाच्या कर्करोगाचा धोका तर आहेच, जळजळही त्यानं वाढते.

आता तिखटाबद्दल. कांदा-लसूण चटणीनं अल्सर होतो असा आपल्याकडे पक्का समज आहे. तिखट आधीच सोललेल्या जागी झोंबतं, त्रास जाणवतो, हे खरं. पण अल्सर होण्याची दोन मोठी कारणं वेगळी आहेत. एक कराडच्या दादांनी सांगितलं. दुसरा एक जिवाणू, हेलिकोबॅक्टर पायलोरी. ऑस्ट्रेलियात पर्थ शहरातल्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी 1982 मध्ये तो जठरातून वेगळा काढून वाढवला. त्या काळी कुणाचा विश्वास बसेना, जठराच्या आम्लात जिवाणू जगतीलच कसे? तेव्हा 1984 मध्ये मार्शल यांनी जिवाणूंचं द्रावण स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली. दोघांना 2005 चं नोबेल मिळालं. हा जिवाणू आपल्याकडे फार पसरलेला आहे, बहुतेकांना लहानपणीच घरातून लागतो आणि पुष्कळांना जन्मभर काही करत नाही. पण अल्सर असेल आणि तो सापडला, तर त्याला मारणारा उपचार साधारण 14 दिवसांचा असतो, दोन प्रतिजैविकं आणि आम्ल कमी करणारी गोळी. पाचव्या दिवशी बरं वाटलं म्हणून सोडला तर जिवाणू तसाच राहतो आणि पुढच्या वेळी औषधाला दाद देत नाही.

आणखी एक. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल यांसारख्या गोळ्या नाश्त्याआधी अर्धा तास घ्यायच्या असतात. जळजळ सुरू झाल्यावर किंवा जेवणानंतर घेऊन त्यांचा उपयोग कमी होतो. आणि दूध? पिताना गार वाटतं, पण दुधातली प्रथिनं आणि कॅल्शियम थोड्या वेळानं आणखी आम्ल तयार करायला लावतात.

कोरेगावची_सून

आमच्याकडे ‘गॅस’ हा घरचा विषय. कोरेगाव म्हटल्यावर वाघ्या घेवडा आलाच. आमच्या मामांना, म्हणजे सासऱ्यांना, घेवड्याची उसळ जीव की प्राण, आणि खाल्ली की रात्रभर पोट गच्च. ढेकर नाही, वारा सरत नाही, येरझाऱ्या चालू. त्यांनी घेवडा सोडलाच होता. मला वाईट वाटायचं, शेतात पिकतो, सगळीकडून मागणी येते आणि पिकवणाऱ्यानं खायचा नाही.

मी आहारशास्त्र शिकलेय, म्हणून घरीच थोडं करून बघितलं. घेवडा, हरभरा, अख्खा मसूर या सगळ्यांत रॅफिनोज जातीच्या साखरा असतात. त्या तोडणारं पाचक द्रव्य माणसाच्या लहान आतड्यात नसतंच. त्या तशाच मोठ्या आतड्यात जातात, तिथले जिवाणू त्यावर ताव मारतात आणि वायू तयार होतो. म्हणजे यात पोट ‘बिघडलेलं’ नाही, हा शरीराचा साधा हिशेब आहे. दिवसातून दहा-वीस वेळा वारा सरणं हेही अगदी निरोगी माणसाचं लक्षण.

उपाय म्हणजे घेवडा रात्रभर, 10-12 तास भिजवायचा, मध्ये एकदा पाणी बदलायचं, आणि भिजवलेलं पाणी टाकून द्यायचं. त्या साखरा बऱ्याचशा त्या पाण्यात उतरतात. नव्या पाण्यात चांगला बोटानं चिरडेल इतका शिजवायचा. सोडा घालून घाईनं नाही. आणि सुरुवात अर्ध्या वाटीनं. दर आठवड्याला थोडा वाढवायचा, आतड्यातले जिवाणूही हळूहळू सरावतात. आता मामा दुपारच्या जेवणात वाटीभर घेवडा खातात. रात्री मी अजूनही देत नाही.

जेवताना पाणी पिऊ नये, पाणी प्यायलं की पाचक रस पातळ होतो, असं इथे नेहमी कुणीतरी लिहितं. घोट-दोन घोट पाण्यानं काही बिघडत नाही.

पेढेवाल्यांचा_शेजारी (सातारा)

दुधाचा विषय निघाला म्हणून. मला पन्नाशीनंतर सकाळच्या ग्लासभर दुधानं अर्ध्या तासात पोटात गुरगुर आणि पळापळ सुरू झाली. मी समजलो जंत झाले, दोनदा जंताचं औषध घेतलं. दुधातली साखर पचवणारं द्रव्य मोठेपणी पुष्कळांचं कमी होतं, असं नंतर कळलं. दही आणि ताक सोसतं, कपभर चहातलं दूध सोसतं, एखादा कंदी पेढाही सोसतो. ग्लासभर नाही. एवढंच होतं.

निवृत्त_परिचारिका (सांगली)

मी 30 वर्षं प्राथमिक आरोग्य केंद्रांत काढली, वाळवा आणि मिरज तालुक्यात. तुम्ही सगळे पित्त आणि गॅसबद्दल लिहिताय, मला पाण्याबद्दल लिहायचं आहे, कारण माझ्या डोळ्यासमोर जी लेकरं गेली ती पित्तानं गेली नाहीत.

कृष्णा-वारणेचं पाणी चढलं की विहिरी, बोअर, नळाच्या फुटक्या जोडण्या, सगळ्यांत गटाराचं पाणी शिरतं. 2019 च्या ऑगस्टमधला महापूर सगळ्यांना आठवत असेल. पाणी असताना लोक जपतात. छावणीत टाकीचं पाणी पितात, क्लोरीन टाकतात. पाणी ओसरून घरी आले, गाळ काढला, की वाटतं संकट गेलं. पण काविळीचा विषाणू शरीरात शिरल्यापासून कावीळ दिसेपर्यंत दोन ते सहा आठवडे, कधी त्याहून जास्त जातात. म्हणजे पूर गेला तरी महिना-दीड महिना पाणी उकळूनच प्यायचं. घरात गरोदर बाई असेल तर फार जपा. हिपॅटायटिस ई नावाची कावीळ इतरांची बहुतेक आपोआप बरी होते, पण शेवटच्या तीन महिन्यांतल्या बाईच्या जिवावर बेतू शकते. तिला माळ घालून, कावीळ उतरवून घेऊन दिवस घालवू नका, लगेच मोठ्या दवाखान्यात न्या.

जुलाबाचं सांगते. 1971 मध्ये बांगलादेशच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी (कॉलरा) पसरली, सलाईन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून माणसं वाचवली. आतड्याला साखर दिली की ती आपल्याबरोबर मीठ आणि पाणी आत ओढून घेते, म्हणून जुलाब चालू असतानाही हे पाणी अंगी लागतं. नुसत्या पाण्यानं किंवा नुसत्या लिंबू-सरबतानं ते साधत नाही. आणि इथेच सगळ्यात मोठी चूक होते. ओआरएसची, म्हणजे याच मीठ-साखरेच्या पाण्याची एक लिटरची पुडी लोक पेल्यात विरघळवून पाजतात, ते फार खारट होतं आणि लेकराला अपाय होतो. पुडीवर किती पाण्यात मिसळायची ते लिहिलेलं असतं, ते वाचा. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सपाट सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. लहान मुलाला जुलाब थांबल्यावरही झिंकची गोळी 14 दिवस पूर्ण करायची. अंगावरचं दूध बंद करायचं नाही, आमटी-भात बंद करायचा नाही. "पोटाला विश्रांती" म्हणून उपाशी ठेवलेली मुलं मी फार बघितली.

आणि आव झाली की मेडिकलमधून मेट्रोनिडाझोल आणायची, दोन गोळ्या खाऊन बंद करायची, ही सवय सोडा. बहुतेक जुलाब विषाणूंचे असतात, त्यांना ती गोळी लागूच होत नाही.

तासगाव_द्राक्षबाग

पोट साफ न होणं, हे कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितेय. आमच्या द्राक्षबागेत विरळणीला, डिपिंगला (घड औषधाच्या पाण्यात बुडवायला) बायका येतात. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच-सहा. मी स्वतः त्यांच्याबरोबर काम करते. एकही बाई दिवसभर पुरेसं पाणी पीत नाही. कारण जायला जागा नाही. सकाळी घरी पाण्याची, डब्याची घाई, परसाकडची वेळ निघून जाते. दुपारी कळ आली तरी दाबून धरतात. असं वर्षानुवर्षं. मग शरीर ती हाक द्यायचंच कमी करतं, खडा होतो, कुंथावं लागतं, मूळव्याध होते. लाजेनं सांगत नाहीत, जमालगोटा नाहीतर सोनामुखीचं चूर्ण घेतात.

मी दोन वर्षांपूर्वी बागेच्या कडेला पत्र्याचा आडोसा आणि भांडं बसवून घेतलं. खर्च फार नाही आला. बायका आता पाण्याची बाटली घेऊन येतात. एकीनं मला येऊन सांगितलं, "वैनी, पोट हलकं वाटतंय." मला त्या दिवशी रडू आलं.

ज्यांच्या बागा आहेत, ज्यांच्याकडे टोळ्या येतात, त्यांनी एवढं करा हो.

खाण्याचं म्हणाल तर शाळूची भाकरी सोडून आपण भाताकडे आणि मैद्याकडे गेलो, त्याचाही हात आहे. 100 ग्रॅम ज्वारीत 10 ग्रॅमच्या आसपास तंतू असतात, पांढऱ्या तांदळात 3 सुद्धा भरत नाहीत. घरातलेच बेदाणे रात्री भिजवून सकाळी खावेत. आणि लोहाच्या, कॅल्शियमच्या गोळ्यांनीही खडा होतो, म्हणून बाळंतिणीला पाणी आणि भाजी जास्त द्यावी. गोळ्या बंद करू नयेत.

कृष्णाकाठची (पलूस, जि. सांगली)

तासगावताई, तुमच्या आडोशाचं वाचून खूप बरं वाटलं. आमच्या मळ्यातही करून घेते.

लोहाच्या गोळ्यांवरून आठवलं. आत्तींना आता त्या चालू आहेत आणि पुन्हा काळं होतंय, आम्ही घाबरलो होतो. हे कसं ओळखायचं? आणि डॉक्टर, पित्ताचा त्रास असलेल्या प्रत्येकानं दुर्बीण टाकून घ्यायची का?

डॉक्टर_मिरज

लोहानं शौच काळपट-हिरवट होतं, पण घट्ट आणि नेहमीसारखं असतं. रक्तस्रावाचं काळं चिकट, चकचकीत, डांबरासारखं असतं, त्याला उग्र वास येतो आणि पाणी टाकलं तरी भांड्याला धरून राहतं. शंका आली तर फोटो काढून दाखवा, त्यात लाज नाही.

दुर्बीण सगळ्यांना लागत नाही. तरुण माणूस, अधूनमधून जळजळ, बाकी तब्येत ठणठणीत, त्याला आधी सवयी बदलायला सांगतो आणि काही आठवडे औषध देतो. पण अन्न गिळताना अडकत असेल, काही न करता वजन उतरत असेल, उलटीत किंवा शौचात रक्त दिसत असेल, रक्त कमी निघालं असेल, वारंवार उलट्या होत असतील, दुखण्यानं रात्री झोपेतून जाग येत असेल, घरात जठराचा किंवा आतड्याचा कर्करोग होऊन गेला असेल, किंवा आयुष्यात कधी पोटाचा त्रास नव्हता आणि पन्नाशीनंतर अचानक सुरू झाला असेल, तर गोळ्या खात बसू नका. थेट या. तपासणी दहा-पंधरा मिनिटांची असते.

1894 मध्ये मिशनरी डॉ. वॉनलेस यांनी मिरजेत दवाखाना काढला, तेव्हापासून चार जिल्ह्यांतली आणि कर्नाटकातली माणसं "मिरजेला दाखवूया" म्हणतात. दुःख इतकंच की अजूनही पुष्कळ जण सगळं करून थकल्यावर दाखवायला येतात.

वाईची_लेक

मला लिहायला हिंमत होत नव्हती. आमच्या दादांना, माझ्या वडिलांना, साखरेचा आजार. एके रात्री दोनला उठून बसले. छातीच्या खाली, पोटाच्या वरच्या बाजूला जड जड, मळमळ, घामानं बनियन ओलं. म्हणाले लग्नातलं जेवण बाधलं, पित्त झालंय. आईनं सोडा दिला. मोठा ढेकर आला, थोडं बरं वाटलं, म्हणून आम्ही सकाळपर्यंत थांबलो. सकाळी साताऱ्याला नेलं तर ईसीजीत हृदयविकाराचा झटका. ढेकर आला म्हणून गॅसच होता, असं नसतं. दादा वाचले, पण हृदयाचा बराच भाग कमजोर झाला, आता जिना चढवत नाही. ते चार-पाच तास आम्ही घरात बसून घालवले.

घाम, दम, जडपणा, हात किंवा जबडा भरून येणं, त्यात साखर-बीपी, यातलं काहीही पित्ताबरोबर असेल तर आधी ईसीजी काढा. पित्त निघालं तर आनंदच आहे.

डॉक्टर_मिरज

वाईच्या ताईंचं प्रत्येकानं घरी वाचून दाखवावं. साखरेच्या रुग्णांत छातीत कळ न येताच झटका येऊ शकतो.

स्पर्धापरीक्षा_सांगली

माझं वय 26. अभ्यासिकेत बसतो. परीक्षा जवळ आली की सकाळी तीन-चारदा जावं लागतं, पोटात मुरडा, जाऊन आलं की थोडा वेळ बरं. एसटीचा प्रवास नको वाटतो. रक्त, शौच, सोनोग्राफी, दुर्बीण, सगळं नॉर्मल. एका ठिकाणी ऐकवलं, "तुला काही झालेलं नाही, मनाचं आहे." मला खरंच दुखतं. मी नाटक करत नाही.

डॉक्टर_मिरज

तुमचं दुखणं खरं आहे. बहुधा हा आतड्याच्या संवेदनशीलतेचा आजार आहे, आयबीएस. पोटदुखी आठवड्यातून सरासरी एकदा तरी, तीन महिने, आणि ती शौचाशी किंवा त्याच्या बदललेल्या स्वरूपाशी जोडलेली, अशी त्याची व्याख्या आहे. आतड्याच्या भिंतीत मज्जातंतूंचं मोठं जाळं असतं आणि त्याचं मेंदूशी दोन्ही बाजूंनी बोलणं चालू असतं. ताण आला की आतडं जोरात हलतं, आणि साधा वायूसुद्धा तुमच्या मेंदूपर्यंत कळ म्हणून पोचतो. तपासण्या नॉर्मल येतात कारण रचनेत बिघाड नसतो, काम करण्याच्या पद्धतीत असतो.

दोन आठवडे लिहून ठेवा, काय खाल्लं, किती चहा, किती झोप, कधी मुरडा. अभ्यासिकेतले दिवसाचे सहा-सात चहा दोनवर आणा. वेळेवर जेवा, रोज अर्धा तास चाला, इसबगोल थोड्या प्रमाणापासून सुरू करून भरपूर पाण्याबरोबर घ्या. लागली तर औषधं आहेत आणि ती चालतात. ज्यांनी "मनाचं आहे" म्हणून परत पाठवलं, त्यांच्याऐवजी नीट ऐकणारे डॉक्टर शोधा.

शाळूची_भाकर (सातारा)

माझ्या बहिणीचं एका ओळीत सांगते. नवरात्राचे नऊ दिवस कडक उपवास, दसऱ्याला पुरणपोळी-भजी, आणि रात्री उजव्या बरगडीखाली कळ, ती पाठीतून उजव्या खांद्यापर्यंत. तीन वर्षं दर दसऱ्याला ‘पित्त’. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. उपाशी राहिलं की पित्ताशय रिकामं होत नाही, पित्त आत साकळतं. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, आता छान आहे.

आणि आईशी बोलले. ती पण दोन गोळ्या घेत होती. शनिवारी साताऱ्यालाच दाखवतोय.

कृष्णाकाठची (पलूस, जि. सांगली)

तुमच्या आईंना पट्टी घेऊनच जायला सांगा, नाव लिहून नाही.

मी घरात एक वही केलीय, दिवाणखान्यात कॅलेंडरशेजारी दोरीनं टांगलीय. ज्यानं जी गोळी घेतली ती त्यानं लिहायची, पुडी असो, चूर्ण असो, शेजारणीनं दिलेली असो. आत्तींना लिहिता येत नाही, त्या माझ्या धाकटीकडून लिहून घेतात. आणि ‘पित्त’ असं लिहायचं नाही असा नियम केलाय. कुठं दुखतं, जळतं की टोचतं की जड वाटतं, जेवणाआधी की नंतर, ते लिहायचं. पहिले काही दिवस आत्ती वैतागल्या. परवा त्यांनी स्वतःहून सांगितलं, "लिही, बेंबीच्या वर, उपाशीपोटी, जळतंय, जेवल्यावर थांबलं."

हिमोग्लोबिन 10.4 वर आलंय. जिवाणूची तपासणी होकारार्थी आली होती, 14 दिवसांच्या गोळ्या पूर्ण झाल्या. आम्ल कमी करायची गोळी दोन आठवडे बंद ठेवून पुन्हा तपासायला सांगितलंय, म्हणून येत्या गुरुवारी मिरजेला जायचं आहे. आत्तींची मिसरी दिवसाला चारवरून एकवर आलीय. ती एक सुटायला काय करावं, माणदेशी दादा, तुमचे ते चार महिने कसे गेले ते जरा सविस्तर लिहाल का?